उलटी स्टिक: हॉकीच्या एका चित्रमालिकेचे प्रकरण

हे प्रकरण पुणे परिसरातले आहे. चित्रकार, प्रशिक्षक आणि छायाचित्रकार या तिघांनीही लिहायला संमती दिली. नावे, क्लब आणि मैदान ओळखता येईल असा तपशील मुद्दाम वगळला आहे. माझा संबंध छपाईपुरता होता: फाइल मोठ्या आकारात छापण्याजोग्या करून देणे हे माझे काम. त्यामुळे पहिल्या फाइलीपासून भिंतीवर चित्रे लागेपर्यंतचा बराचसा प्रवास मला जवळून पाहता आला.

पार्श्वभूमी

चित्रकार बाई पस्तिशीतल्या. चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात नोकरी करतात. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही, पण हात चांगला. हॉकीशी नाते टीव्हीवरून जुळले. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्यपदक मिळवले, ऑलिंपिक हॉकीतले १९८० नंतरचे भारताचे पहिले पदक. त्या सामन्यानंतर त्यांनी भारताचा गोलरक्षक श्रीजेश याचे चित्र काढले आणि मग हॉकीशिवाय दुसरे काही काढावेसेच वाटेना. घरचा जुना लॅपटॉप, साधा पेन-टॅब्लेट आणि क्रिता हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम चालायचे. काढलेली चित्रे त्या नेटवर टाकत, ओळखीच्यांना पाठवत. पैशाचा व्यवहार कुठेच नव्हता.

त्यातले एक चित्र फिरत फिरत एका क्लबच्या प्रशिक्षकांकडे पोहोचले. खडकी-पिंपरी पट्ट्यात हॉकीची जुनी मुळे आहेत. धनराज पिल्ले खडकीतच वाढले, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिक घेऊन खेळले. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला माणूस आपल्याच पट्ट्यातला, हे तिथल्या पोरांना कुणी वेगळे सांगावे लागत नाही. हा क्लब मात्र लहान. बहुतेक मुली, वय बारा ते सतरा. कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लांब कोरी भिंत होती. २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जन्मदिवशी म्हणजे राष्ट्रीय क्रीडा दिनाला, क्लबची छोटी स्पर्धा असते. तोवर त्या भिंतीवर आठ मोठी चित्रे लावावीत, असे प्रशिक्षकांनी सुचवले. छपाईचा खर्च एक स्थानिक दुकानदार करणार होता आणि बदल्यात प्रत्येक चित्राखाली दुकानाचे नाव येणार होते.

बाई लगेच हो म्हणाल्या. आपण काढलेले कुणाच्या तरी रोजच्या वाटेवर लागणार, यापेक्षा हौशी माणसाला आणखी काय हवे असते?

अडचण कशी उघड झाली

जुलैच्या मध्यापर्यंत आठपैकी सहा चित्रे तयार होती. प्रशिक्षकांनी नमुना म्हणून त्यातले एक क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. चित्रात पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणारी संधी) ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे भिरकावण्याचा फटका, मारणारी मुलगी होती. स्टिक पुढे झेपावलेली, मागे पाण्याच्या तुषारांचा पंखा. त्यावर एकाच संध्याकाळी दोन प्रतिक्रिया आल्या.

पहिली खुद्द प्रशिक्षकांची. ग्रुपवर टाकण्याआधी त्यांनी चित्र फोनवर नुसते वरवर पाहिले होते. घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर त्यांनी बाईंना फोन केला: "ताई, चित्र फार सुंदर आहे. पण ही मुलगी तुम्ही डावखुरी केलीत. हॉकीत डावखुरी स्टिकच नसते हो."

हॉकी न खेळलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. क्रिकेटमध्ये डावखुऱ्याने बॅट उलट्या बाजूने धरली तरी चालते. हॉकीच्या स्टिकला सपाट बाजू एकच, आणि ती डावीकडे. चेंडू सपाट बाजूने किंवा कडेने खेळायचा, गोल पाठीने खेळला की फाउल. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमातच नाही. म्हणून जगातला प्रत्येक खेळाडू, लिहायला कोणताही हात वापरत असो, डावा हात मुठीच्या टोकाला वर आणि उजवा खाली असाच धरतो. चित्रातल्या मुलीचा उजवा हात वर होता आणि हूकचे, म्हणजे स्टिकच्या खालच्या टोकाचे, वळण भलत्याच दिशेला. अशी स्टिक बाजारात मिळत नाही आणि कुणी बनवून आणली तरी पंच मैदानात येऊ देणार नाही.

दुसरी प्रतिक्रिया एका छायाचित्रकाराची. स्थानिक स्पर्धांचे फोटो काढून वर्तमानपत्रांना देणारा हा मुक्त छायाचित्रकार. ग्रुपमधल्या एका पालकाने त्याला कौतुकाने चित्र पाठवले होते. त्याने प्रशिक्षकांना शांतपणे कळवले की हा फोटो त्याने काढलेला आहे, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा केलेला. पुरावा म्हणून मूळ फोटो सोबत जोडला. तुषारांच्या पंख्याचा आकार, मागच्या बचावपटूचा वाकलेला गुडघा, गोलच्या खांबाने कापलेली चौकट, सारे जसेच्या तसे होते.

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. बाई नेटवरचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये खालच्या लेअरवर (थरावर) ठेवत, त्याची ओपॅसिटी कमी करत, म्हणजे तो फिका करत, आणि वर रेषा ओढत. मग रंग, पोत, पार्श्वभूमी आपली. भिंतीवर सगळे खेळाडू दाराच्या दिशेने जाताना दिसावेत म्हणून काही चित्रे त्यांनी आडवी उलटवली होती. पाठीवरचा नंबर तेवढा आठवणीने सुलट केला. उलटवल्याने चित्र मूळ फोटोपेक्षा "वेगळे" होते, असाही त्यांचा समज होता. चित्र उलटे करून पाहणे ही डिजिटल चित्रकाराची रोजची सवय आहे, कारण तोलातली चूक त्यात चटकन दिसते. इथे मात्र ते उलटेच जपून ठेवले गेले.

आणि पेच असा की चित्र सुलट केले की स्टिक बरोबर होणार, पण मग ते फोटोची थेट नक्कल ठरणार. उलटे ठेवले तर हॉकी चुकणार. एक चूक दुरुस्त केली की दुसरी उघडी पडत होती.

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात बाई, प्रशिक्षक आणि मी एकत्र बसलो. छपाईला फाइल द्यायची वेळ जवळ आली होती.

प्रशिक्षकांचा पहिला सल्ला अगदी साधा होता: छायाचित्रकाराचे नाव खाली छोट्या अक्षरात टाका. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण नाव देणे आणि परवानगी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृतीच आहे. तिची प्रत काढण्याचा आणि तिचे रूपांतर करण्याचा हक्क मालकाचा. खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराला कायद्यात जागा आहे, पण सार्वजनिक मैदानावर प्रायोजकाच्या नावासह लागणारे चित्र खाजगी म्हणणे कठीण. "तीस टक्के बदलले की चालते" हे वाक्य त्या बैठकीत निघाले, तसे ते सगळीकडे निघते. कायद्यात असा कोणताही टक्का नाही.

याचा अर्थ ड्रॅग फ्लिकच कुणाच्या मालकीचा होतो असे नाही. शरीराची ती ठेवण, तो डाव, तो क्षण सगळ्यांचा. छायाचित्रकाराचे असते ते त्याने निवडलेले: कुठून पाहिले, चौकट कुठे कापली, प्रकाश कसा पकडला, कोणत्या सेकंदाला बोट दाबले. बाईंनी नेमके तेच घेतले होते.

दुसरा पर्याय होता पैसे देऊन परवानगी घेण्याचा. या एका चित्रासाठी छायाचित्रकाराशी बोलता येणार होते. बाकीच्या पाच चित्रांखाली मात्र मोठ्या वृत्तसंस्थांचे आंतरराष्ट्रीय सामन्यांचे फोटो होते. तिथले दर क्लबच्या आवाक्याबाहेरचे, आणि छापायची परवानगी मिळाली तरी त्यावरून चित्र करायची वेगळी घ्यावी लागते.

तिसरा पर्याय जुन्या फोटोंचा, तो मी मांडला. आपल्याकडे छायाचित्रांचा हक्क पूर्वी प्रसिद्धीनंतर ठरावीक वर्षांनी संपत असे, शेवटी ती मुदत ६० वर्षांची होती. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम काढले गेले आणि छायाचित्रांनाही इतर कलाकृतींसारखी निर्मात्याचे आयुष्य अधिक ६० वर्षे अशी मुदत लागू झाली. पण त्याआधीच संपलेले हक्क त्यामुळे परत जिवंत झाले नाहीत. म्हणजे १९३६ च्या बर्लिनचे किंवा १९४८ च्या लंडनचे तेव्हा छापले गेलेले फोटो आपल्याकडे मोकळे आहेत. १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकाचे नाहीत, आणि बाईंच्या यादीत नेमके तेच होते: अशोक कुमार यांचा पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल.

चौथा पर्याय बाईंनी स्वतःच काढला, तोही बराच वेळ गप्प बसल्यावर. फोटो बाजूला ठेवायचे आणि मैदानावर जाऊन समोर दिसेल ते काढायचे. प्रशिक्षकांना तो पटला, पण धास्तीही वाटली, कारण हातात जेमतेम सहा आठवडे होते. शिवाय दिवस पावसाळ्याचे आणि बाईंची नोकरी.

माझे मत तेव्हाही हेच होते की चौथा पर्याय कायद्यासाठी नव्हे, चित्रासाठी निवडावा. सहाही चित्रे शेजारी शेजारी मांडली की एक गोष्ट डोळ्यात भरे: प्रत्येकात चेंडू नुकताच सुटलेला, स्टिक हवेत, चेहरा ताणलेला. वृत्तछायाचित्रकाराला तोच क्षण हवा असतो. आठही चित्रांत तोच क्षण आला असता तर रोज मैदानावर असणाऱ्या मुलींना त्यात आपला खेळ किती दिसला असता?

काय केले

सर्वात आधी छायाचित्रकाराला भेटणे. हे फोनवर उरकायचे घाटत होते. बाईंनी प्रत्यक्ष जाण्याचा आग्रह धरला आणि तो या प्रकरणातला सर्वात चांगला निर्णय ठरला. त्यांनी मूळ फाइल लेअरसकट दाखवली, खालचा फोटोही दाखवला, काही झाकले नाही. छायाचित्रकाराची तक्रार पैशाची नव्हतीच. त्याच्या कामाला लोक "नेटवरचा फोटो" म्हणतात, हे त्याचे दुखणे होते. एका पानाचा करार झाला: हे एक चित्र, या एका भिंतीसाठी, सुलट दिशेने, ठरलेल्या रकमेत, आणि दोघांची नावे सारख्याच आकारात. प्रायोजकाचे नाव या चित्राखाली येणार नाही, ही अटही त्याने घातली. दुकानदाराने ती विनातक्रार मानली.

वृत्तसंस्थांच्या फोटोंवरची पाचही चित्रे रद्द झाली. त्यातली तीन नेटवर होती, तीही बाईंनी काढून टाकली. त्या रात्री त्यांना फार वाईट वाटले असणार. तसे त्या बोलल्या नाहीत, पण फाइली हटवून झाल्यावर एक वाक्याचा निरोप तेवढा आला: "आता हात रिकामा झाला."

मग मैदान. संध्याकाळी सराव असे. टॅब्लेट पावसात नेणे शक्य नव्हते, म्हणून जाड कागदाची वही आणि मऊ शिसपेन्सिल. प्रशिक्षकांनी त्यांना कुंपणाच्या जाळीमागची जागा ठरवून दिली आणि तिथून हलू नका असे बजावले. दीडशे ग्रॅमहून जड, टणक चेंडू फ्लिकमधून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने येऊ शकतो, आणि वहीत डोके घातलेल्या माणसाला तो दिसत नाही.

पहिल्या काही दिवसांत वहीत नुसत्या रेघोट्या होत्या. खेळाडू थांबतच नाही. मग प्रशिक्षकांनी एका मुलीला ड्रॅग फ्लिक सावकाश, टप्प्याटप्प्याने करून दाखवायला सांगितले. फोटोत कधीच न दिसलेले तिथे दिसले. चेंडू आधी शरीराच्या मागे राहतो. डावे पाऊल पुढे रोवले जाते, त्याआधी उजवे डाव्याच्या मागून ओलांडून येते. कंबर इतकी खाली जाते की उजव्या हाताची बोटे टर्फला, म्हणजे मैदानाच्या कृत्रिम गवताला, घासतील असे वाटते. चेंडू स्टिकच्या दांड्याला चिकटून ओढला जातो आणि मगच सुटतो. दांड्याचा बाक जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असू शकतो, पण या फटक्यात त्या बाकाचे फार काम असते. बाईंनी तो टप्पा काढला: चेंडू अजून सुटलेला नाही, मुलगी जवळजवळ जमिनीला टेकलेली, चेहरा दिसत नाही.

इथे आणखी एक निर्णयाची जागा आली. संदर्भासाठी फोटो काढायचे की नाही? मुली अल्पवयीन. प्रशिक्षकांनी पालकांकडून लेखी संमती घेतली, फोटो फक्त बाईंच्या कामासाठी आणि काम झाल्यावर पुसून टाकायचे असे ठरले. दोन पालक नको म्हणाले. त्यांच्या मुलींचे फोटो काढले नाहीत आणि त्यांना चित्रांतही घेतले नाही. चित्रांतले चेहरे ओळखू येणार नाहीत, हेही बाईंनी स्वतःहून पाळले.

आठचा हट्ट सोडून पाच चित्रांवर थांबायचे ठरले: छायाचित्रकारासोबतचे एक, मैदानावरची तीन, आणि एक १९४८ चे. १२ ऑगस्ट १९४८ ला लंडनच्या वेम्बलीत भारताने ग्रेट ब्रिटनला ४-० ने हरवले, स्वातंत्र्यानंतरचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. त्या संघात मुंबईकडून खेळणारे लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसूझा होते, म्हणून प्रशिक्षकांना ते भिंतीवर हवेच होते. जुना फोटो मोकळा असूनही बाईंनी या वेळी तो गिरवला नाही. कपडे, स्टिकचे लांब हूक आणि केसांची ठेवण एवढ्यापुरता त्याचा आधार घेतला, मांडणी स्वतःची केली. आजच्या आखूड हूकशेजारी ती जुनी लांब वळणाची स्टिक ठेवली की ७५ वर्षांत खेळ किती बदलला, ते न सांगता कळते.

छपाईत अडचण आली ती रंगाची. तिन्ही सरावचित्रांत टर्फचा निळा होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून निळे टर्फ आणि पिवळा चेंडू रूढ झाले. पडद्यावर तो निळा झगझगीत दिसतो, पण छपाईच्या चार शायांत तो बसत नाही आणि जांभळट, मळका उतरतो. बाई निराश झाल्या. मग किरमिजी शाई थोडी उतरवली, सावल्या काळ्याऐवजी गडद हिरवट निळ्यात घेतल्या आणि पूर्ण चित्र छापण्याआधी वीतभर रुंदीच्या पट्ट्या छापून त्या भिंतीवरच, तिथल्या उजेडात पाहिल्या. तिसरी पट्टी जमली. आकार तीन फूट बाय चार. बाईंना १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) हवे होते, पण त्यांचा लॅपटॉप लेअर वाढले की अडखळायचा. सात-आठ फुटांवरून पाहायच्या चित्राला १०० डीपीआय पुरते. म्हणजे ३६०० बाय ४८०० पिक्सेल, आणि लॅपटॉपवरचा भार निम्म्याहून कमी. फ्लेक्सऐवजी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) चिकटवलेले मॅट, म्हणजे न चमकणारे, व्हिनाइल घेतले, कारण मैदानाच्या दिव्यांत फ्लेक्स चमकतो आणि चित्र दिसतच नाही.

निष्पत्ती

२९ ऑगस्टला पाचही चित्रे लागली. मुलींनी आधी ओळखल्या त्या वस्तू. एकीने आपल्या स्टिकची ग्रिप ओळखली, कारण ती लाल आणि पांढऱ्या टेपने तिने स्वतः गुंडाळलेली होती. दुसरीने पेनल्टी कॉर्नरच्या बचावात घातलेला डाव्या हाताचा ग्लोव्ह. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरेषेमागे मास्क लावून उभ्या चार बचावपटूंच्या चित्रापुढे सर्वात जास्त वेळ घोळका होता. तो क्षण वर्तमानपत्रात कधीच येत नाही, पण खेळणाऱ्यांना सर्वात धडकी त्याच क्षणी भरते.

छायाचित्रकारही आला होता. त्याच्या फोटोवरच्या चित्रापुढे थांबून त्याने दोन्ही नावे वाचली. पुढे क्लबच्या स्पर्धेचे फोटो काढायचे काम प्रशिक्षकांनी त्यालाच दिले.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र नाही. उरलेली तीन चित्रांची जागा मोकळी राहिली आणि दुकानदाराला आठऐवजी चारच ठिकाणी नाव मिळाले. त्याने उरलेल्या पैशांत मुलींसाठी शिनगार्ड घेऊन दिले, पण त्याला ठरल्यापेक्षा कमी मिळाले ही गोष्ट खरीच. अशोक कुमार यांचा गोल भिंतीवर आला नाही, याची खंत प्रशिक्षकांना आजही आहे. आणि बाईंची नेटवरची जुनी चित्रे आधीच इतरांनी पुढे पाठवलेली होती, ती परत गोळा करणे कुणाच्याच हातात नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिले रेखाटन क्लबला दाखवले असते तर उलटी स्टिक पहिल्याच दिवशी सापडली असती. सहा चित्रे पूर्ण रंगवून होईपर्यंत खेळ जाणणाऱ्या एकाही माणसाने ती मोठ्या आकारात पाहिली नव्हती. विषय जाणणाऱ्याला कच्चे काम दाखवायला हौशी माणूस लाजतो. त्या लाजण्याची किंमत इथे पाच चित्रे होती.

प्रायोजकाशी बोलणे उशिरा झाले. चित्राखाली दुकानाचे नाव येणार हे ठरले त्याच क्षणी कामाचे स्वरूप बदलले होते, घरगुती छंद सार्वजनिक झाला होता. संदर्भ कुठून घेतले हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याची जबाबदारी एकट्या बाईंची नव्हती, काम मागणाऱ्या क्लबचीही होती.

पालकांची संमती घेतली तो कागद चांगला होता, पण त्यात चित्र पुढे आणखी कुठे वापरता येईल याचा उल्लेख नव्हता. आता एका शाळेने त्यातले एक चित्र मागितले आहे आणि पालकांना पुन्हा विचारावे लागते आहे. तो मुद्दा नव्या कागदात घातला आहे. छायाचित्रकारासोबतच्या करारात "या एका भिंतीसाठी" हे शब्द होते, म्हणून तिथे असा घोळ झाला नाही.

गिरवणे वाईट असे मी म्हणणार नाही. हात बसवायला, प्रमाण शिकायला ते उपयोगाचे आहे आणि घरच्या वहीत कुणाचे काही बिघडत नाही. बाई अजूनही सरावासाठी गिरवतात. त्या फाइलींची नावे आता "सराव" या शब्दाने सुरू होतात, संदर्भाचा फोटो कुणाचा ते वरच्या लेअरवर लिहिलेले असते आणि त्या फोल्डरमधले काही बाहेर जात नाही. मोकळ्या तीन जागांपैकी एकीसाठी गोलरक्षकाचे चित्र सुरू आहे. पायांचे पॅड आणि किकर (बुटांवरची जाड आवरणे) घालून मुलगी बसते, उठते, पुन्हा बसते. त्या हालचालीचे वजन अजून साधत नाही, म्हणून प्रशिक्षकांनी बाईंना एक दिवस तो सगळा सरंजाम स्वतः घालून पाहायला सांगितला आहे.